लोखंडाच्या डोंगरावरील शांतिप्रयोग

नागपूरहून हावड्याच्या दिशेने जाणारी आगगाडी दुर्ग आणि भिलाई मागे टाकून रायपूरकडे निघाली, म्हणजे खारून नदीचा पूल येण्यापूर्वी कुम्हारी नावाचे एक स्थानक लागते. नदीच्या अलीकडे दुर्ग जिल्हा, पलीकडे रायपूर. भाताची खाचरे, गावोगावची तळी आणि त्यांच्या कडेने उभी राहिलेली कारखान्यांची धुराडी असा हा मुलूख आहे. कुम्हारीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. येथे जे कारखाने उभे राहिले त्यांत एक दारूचा होता. आणि ह्याच जुन्या दुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भिलाईहून सुमारे नव्वद किलोमीटरांवर, दल्ली-राजहराच्या लोखंडी डोंगरांत हजारो खाणकामगारांनी एकमेकांना साक्षी ठेवून दारू सोडली. एका टोकाला दारू गाळली जात होती आणि दुसऱ्या टोकाला ती नाकारली जात होती. ह्या दोन टोकांमधल्या प्रदेशात १९७७ ते १९९२ ह्या पंधरा वर्षांत जे घडले, तो हिंसेला एका समाजाने दिलेल्या उत्तराचा इतिहास आहे.

शांततेची कार्ये म्हटली की मराठी मनासमोर प्रथम उभे राहतात ते विनोबा. १९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेनेची कल्पना प्रत्यक्षात आणली, आणि १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात, भिंड-मुरैना भागात, वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यासमोर त्याच खोऱ्यात शेकडो बागी शरण आले. त्या घटनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांत एक गोष्ट समान होती. शांतता घेऊन येणारा पुरुष बाहेरून येत असे. त्याच्या तपाचे तेज हीच तिची शक्ती. तो पुढच्या मुक्कामाला निघून गेल्यावर गावात काय उरते, हा प्रश्न खुद्द विनोबांनाही सुटलेला नव्हता. दुर्गच्या खाणींत संत आला नाही. तेथे हे काम एका कामगार संघटनेने केले, आणि कामगार संघटना म्हटली की शांततेपेक्षा संपाचीच आठवण व्हावी अशी आपली सवय आहे.

छत्तीसगडशी मराठ्यांचा संबंध जुना, पण अभिमानाने मिरवावा असा तो सर्वस्वी नाही. १७४१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांच्या फौजा रतनपुरापर्यंत पोहोचल्या. पुढे बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहू लागले आणि त्यांची आठवण त्या भागात बरी आहे. त्यांच्या मृत्यूनंतर, १७८७ पासून, सुभेदारांकडे कारभार गेला आणि वसुली हेच राज्याचे मुख्य काम होऊन बसले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. वरून येणारा अधिकार म्हणजे मागणारा अधिकार, हा धडा तेथील माणसाने राज्यामागून राज्ये पाहून घेतला होता.

त्याने दुसराही एक धडा घेतला होता. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्म घेऊन पुढे जो सतनाम पंथ उभारला, त्यात जातिभेदाला नकार होता, मद्यमांसालाही होता. ज्यांना गावाबाहेर राहावे लागे अशा लोकांनी स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन होते. लादलेली बंदी आणि स्वीकारलेले व्रत यांतला फरक छत्तीसगडच्या खेड्याला ठाऊक होता तो असा. १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावात त्याची आणखी एक परीक्षा झाली. कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने गावावर दंड बसवला. लोकांनी तो भरला नाही. तेव्हा गुरे जप्त करून बाजारात लिलावाला काढण्यात आली. पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांनी गावोगाव हिंडून लोकांना सांगितले होते. गुरे एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरवली गेली, पण बोली करायला कोणी पुढे आला नाही. अखेर दंड मागे घ्यावा लागला. कंडेलच्या लोकांनी काठी उचलली नाही. शेजारच्या गावांनी फक्त खिशात हात घातला नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या मुलखाचे रूप पालटले ते भिलाईमुळे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या काळी पोलादाच्या कारखान्यांना नव्या भारताची तीर्थे म्हणत, त्या काळातले हे एक मोठे तीर्थ. त्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराहून येई. राजहराच्या खाणीत यंत्रे होती आणि कायम नोकरीचे कामगार होते. शेजारच्या दल्लीच्या डोंगरात मात्र ठेकेदारांची माणसे हातोड्याने दगड फोडीत, टोपलीने मालमोटारी भरीत. ही माणसे बहुतेक गोंड, हलबा आणि आसपासच्या खेड्यांतली शेतकरी कुटुंबे होती. नवरा-बायको दोघेही जोडीने कामाला. पोलाद दोघांच्याही श्रमाचे, पण हिशेबाच्या वहीत दोन निराळी पाने. १९७७ च्या प्रारंभी कायम कामगाराला ३०८ रुपये आणि ठेक्यावरच्याला ७० रुपये असा बोनसचा करार जुन्या संघटनांनी मान्य केला, तेव्हा ही दोन पाने शेजारी शेजारी उघडली गेली. हजारो कामगार आपापल्या संघटना सोडून लाल मैदानात येऊन बसले. ३ मार्च १९७७ रोजी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाचा जन्म झाला. झेंडा लाल आणि हिरवा होता, कामगाराचा आणि शेतकऱ्याचा.

नेतृत्वासाठी त्यांनी शंकर गुहा नियोगी यांना बोलावून आणले. हा मूळचा बंगाली तरुण साठीच्या दशकाच्या आरंभी भिलाईच्या कारखान्यात काम करू लागला, तेथून काढला गेल्यावर दानीटोलाच्या खाणीत मजुरी करू लागला, तेथल्याच कामगार कुटुंबातल्या आशाबाईंशी त्याने लग्न केले. आणीबाणीत तो तुरुंगात होता. छत्तीसगडी बोली त्याने आपली करून घेतली होती. बाहेरचा असूनही तो बाहेरचा राहिला नव्हता.

मग आली २ जून १९७७ ची रात्र. पावसाळ्यापूर्वी झोपड्या शाकारण्यासाठी बांबू-बल्लीचे शंभर रुपये आणि काम नसलेल्या दिवसांची मजुरी, एवढीच मागणी होती. ठेकेदारांनी मान्य केलेली गोष्ट पाळली नाही आणि संप झाला. रात्री पोलीस नियोगींना पकडून घेऊन गेले. संतापलेल्या कामगारांनी मागे राहिलेल्या पोलिसांच्या तुकडीला वेढा घालून अडकवून ठेवले. आमचा माणूस आणा आणि तुमची माणसे न्या, असा त्यांचा सौदा होता. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गोळीबार झाला. अकरा माणसे मेली. त्यांत अनुसुयाबाई नावाची एक स्त्री होती आणि सुदामा नावाचा एक मुलगा होता.

ओलीस ठेवण्याचा तो प्रकार अहिंसेच्या कोणत्याही शास्त्रात बसणारा नव्हे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. खाणकामगार हे काही शांततेचे व्रत घेतलेले साधक नव्हते. त्यांच्या हाती रोज सुरुंगाची दारू असे. खडक कसा फोडावा हे ज्यांना पिढीजात कळते, अशा माणसांच्या वस्तीत अकरा प्रेते ठेवून पोलीस परतले होते. पुढे सूडाचे चक्र सुरू व्हायला ह्याहून अधिक काय लागते? ते सुरू झाले नाही. संप चालू राहिला, अठरा दिवसांनी समझोता झाला, मजुरी वाढली.

आणि मजुरी वाढताच दारूच्या दुकानांपुढची गर्दीही वाढली. ही गोष्ट संघटनेच्या लोकांना फार लागली. ज्या पैशासाठी अकरा जीव गेले, तो ठेकेदाराच्या एका हातातून निघून दारूच्या ठेकेदाराच्या दुसऱ्या हातात जात होता. शिवाय हिंसा फक्त पोलिसांच्या बंदुकीत नव्हती. ती संध्याकाळी घरी येत होती. बाईच्या पाठीवरचे वळ आणि पोराच्या पोटातली भूक ह्यांची नोंद कोणत्या ठाण्यावर होत नसते. दल्लीच्या स्त्रिया ह्या खाणीत पुरुषाच्या बरोबरीने राबणाऱ्या. संघाच्या सभेत त्या पुढे बसत. दारूबंदीचा विषय निघाला तेव्हा त्यांना पटवून द्यावे लागले नाही.

ही दारूबंदी कायद्याची नव्हती. तिचे काम मोहल्ल्यामोहल्ल्यांतून चाले. खाणीतल्या प्रत्येक टोळीचा एक मुखिया असे. मुखियांची बैठक हीच संघाची खरी सत्ता. प्रश्न तेथे मांडायचा, मुखियांनी तो आपल्या टोळीत न्यायचा, टोळीचे म्हणणे परत आणायचे आणि मग ठरवायचे. दारू सोडण्याची शपथ अशीच वस्तीतून वर आली, आणि ती मोडणाऱ्याला दंड ठोठावण्याचा अधिकारही शेजाऱ्यांनीच वापरला. आदिवासींच्या घरात मोहाची दारू देवालाही लागते. तेथे उपदेशकाचा आवाज चालला नसता. शेजाऱ्याचा चालला. दारूच्या धंद्यातल्यांना हे रुचणे शक्य नव्हते. १९८१ साली नियोगींना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा दारूविरोधी मोहीम भरात होती. नेता तुरुंगात आणि बंदी चालू, असे दृश्य त्या काळात दल्लीने दाखवले. महात्मा गांधींच्या दारूबंदीला जे कायद्याने पुढे अनेक प्रांतांत साधले नाही, ते एका खाणवस्तीने काही वर्षे तरी साधून दाखवले होते.

एव्हाना संघाच्या कामाला सतरा शाखा फुटल्या होत्या. आरोग्य, शिक्षण, दारूबंदी, स्त्रिया, बचत, खेळ, संस्कृती, शेतकऱ्यांचे प्रश्न अशी ती यादी आहे. संघर्ष आणि निर्माण हे दोन शब्द त्यांच्या बोलण्यात सतत जोडीने येत. केवळ लढणारी संघटना लढा संपला की विस्कटते, आणि केवळ बांधणारी संस्था पहिल्याच धक्क्याला सत्तेपुढे वाकते, हे नियोगींनी ओळखले होते असे त्यांच्या कामाच्या आखणीवरून दिसते.

ह्या निर्माणातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे शहीद रुग्णालय. संघाच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्याने दगावल्या. तो प्रसंग चिघळणे सोपे होते. संतप्त जमाव रुग्णालयाच्या काचा फोडतो ही आपल्याकडची नित्याची बातमी आहे. दल्लीचे कामगार जमले आणि त्यांनी आपले स्वतःचे प्रसूतिगृह बांधण्याची शपथ घेतली. १९८२ च्या प्रजासत्ताकदिनी छोटा दवाखाना सुरू झाला. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना आणि इतर तरुण डॉक्टर येऊन मिळाले. खाणीतली पाळी संपवून कामगार बांधकामावर येत, विटा वाहत, गिलावा करीत. बाहेरून देणगी घ्यायची नाही असा निश्चय होता. पैसा कामगारांच्या वर्गणीचा. ३ जून १९८३ रोजी, गोळीबाराला सहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, रुग्णालय उघडले. उद्घाटनाला मंत्री नव्हता. एका वयोवृद्ध खाणकामगाराने आणि एका वयोवृद्ध शेतकऱ्याने ते उघडले. त्या तारखेची निवड विचारपूर्वक होती. अकरा जणांची आठवण आता वर्षातून एकदा मुठी आवळण्यापुरती उरली नाही. ती रोज सकाळी दार उघडू लागली, आणि ते दार कामगार असो वा नसो, सर्वांना उघडे होते.

भांडणाचे रूप पालटण्याची हीच रीत यंत्रांच्या प्रश्नातही दिसली. १९७८ साली बस्तरमधल्या बैलाडिलाच्या खाणीत यंत्रे आल्यामुळे हजारो मजूर एका फटक्यात बेकार झाले आणि किरंदुल येथे गोळीबार झाला. तीच पाळी दल्लीवर येणार हे स्पष्ट होते. संघाने यंत्रांना सरसकट विरोध केला नाही. कोणते काम यंत्राने व्हावे आणि कोणते हाताने राहावे याची अर्धयांत्रिकीकरणाची स्वतःची योजना आखून त्याने व्यवस्थापनापुढे ठेवली, खर्चाच्या आकड्यांसकट. अशिक्षित म्हणून गणल्या गेलेल्या माणसांच्या संघटनेने अभियंत्यांशी हिशेबाने वाद घालावा हे त्या काळी नवलच होते. ती योजना पुष्कळ अंशी मान्य झाली आणि दल्लीत किरंदुल घडले नाही.

ह्याच सुमारास संघाने आणखी एक विस्मृत मनुष्य शोधून काढला. सोनाखानचे जमीनदार वीर नारायण सिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून ते उपाशी प्रजेला वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिले. १९७९ पासून दल्लीचे कामगार दर डिसेंबरात त्यांचा दिवस पाळू लागले. आज रायपूरच्या क्रिकेटच्या मैदानालाही त्यांचे नाव आहे. परंतु त्यांना प्रथम लोकांपुढे आणले ते खाणीत दगड फोडणाऱ्यांनी, हे छत्तीसगडच्या इतिहासलेखकांनी विसरू नये.

१९९० साली नियोगी भिलाईला आले आणि ही गोष्ट पुन्हा कुम्हारीच्या रस्त्यावर येऊन ठेपते. पोलादाच्या मोठ्या कारखान्याभोवती खासगी कारखान्यांचा एक पट्टा उभा राहिला होता: भिलाई, कुम्हारी, उरला, टेडेसरा. ह्या कारखान्यांतले पुष्कळसे कामगार वर्षानुवर्षे ठेक्यावर होते. कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन, अपघात झाल्यास उपचार, एवढ्या मागण्यांवर छत्तीसगड मुक्ती मोर्चाने लढा उभारला. हजारोंना कामावरून काढले गेले. कामगारांवर हल्ले होऊ लागले. सप्टेंबर १९९१ मध्ये नियोगी कामगारांना घेऊन दिल्लीला गेले आणि राष्ट्रपतींना निवेदन देऊन परतले. २८ सप्टेंबरच्या पहाटे भिलाईतल्या घरात, झोपेत असताना, खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून करण्यात आला. ते ४८ वर्षांचे होते.

दल्ली-राजहरात त्यांच्या अंत्ययात्रेला जमलेली गर्दी लाखाच्या घरात होती. ती लोहखाणीतली माणसे होती. त्यांच्या मनात संशयितांची नावे होती, आणि ती नावे सर्वांना ठाऊक होती. लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळलेला देह त्यांनी शांतपणे नेला. चौदा वर्षांच्या मुखियांच्या बैठका, दारूबंदीच्या रात्री, रुग्णालयाच्या भिंतीला लावलेल्या विटा, ह्या साऱ्यांनी त्या दिवशी आपले काम केले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्याचे स्वतःचे काही उभे असते, त्याला जाळपोळ सुचायला वेळ लागतो.

तथापि ही शांतता अभेद्य नव्हती. १ जुलै १९९२ रोजी काढून टाकलेले कामगार आपल्या बायकामुलांसह भिलाई पॉवरहाऊस स्थानकाजवळ रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसले. सायंकाळी पोलिसांनी गोळीबार केला. सोळा कामगार मरण पावले. त्या गदारोळात एक पोलीस अधिकारीही गेला. भिलाईची वस्ती दल्लीसारखी मुरलेली नव्हती. माणसे निरनिराळ्या गावांहून आलेली, निरनिराळ्या कारखान्यांत विखुरलेली, मुखियांची घडी अजून बसायची होती, आणि ज्याने ती बसवली असती तो माणूस नऊ महिन्यांपूर्वी मारला गेला होता. दल्लीत जे वर्षांनी आले ते भिलाईत महिन्यांत येणे शक्य नव्हते. खुनाच्या खटल्यात १९९७ साली दुर्गच्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या, उच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी सर्वांना सोडले, आणि जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोळी झाडणाऱ्या एकट्याला जन्मठेप दिली.

त्याच २००५ साली, त्याच छत्तीसगडात, बस्तरच्या जंगलात ‘सलवा जुडूम’ नावाची मोहीम सुरू झाली. नक्षलवाद्यांच्या हिंसेविरुद्ध उभी राहिलेली जनतेची शांतियात्रा म्हणून ती जगापुढे मांडली गेली. आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देण्यात आल्या, शेकडो गावे ओस पडली, माणसे रस्त्याकडेच्या छावण्यांत येऊन राहिली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरुणांना सशस्त्र करणे घटनाविरोधी ठरवले. दल्ली आणि बस्तर यांमधले अंतर फार नाही. जनतेच्या नावाने चालवलेली शांतता आणि जनतेने घडवलेली शांतता यांमधले अंतर मात्र ह्या दोन ठिकाणांवरून मोजता येते. महाराष्ट्राच्या सरहद्दीत, गडचिरोलीत, लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. मेंढा-लेखासारख्या गावाने ग्रामसभेच्या एकमताने आपला कारभार चालवला. तेथेही निर्णय वस्तीत झाले आणि म्हणूनच ते टिकले.

शहीद रुग्णालय चालूच राहिले. पंधरा-वीस खाटांचे ते पुष्कळ वाढले आणि आसपासच्या जिल्ह्यांतली खेडी तेथे येऊ लागली. २०१२ साली दल्ली-राजहरा नव्या बालोद जिल्ह्यात गेले. हाताने फोडण्याच्या खाणी सरत गेल्या, संघाची माणसे पांगली, पुढे संघटनेत फूटही पडली. ३ जून, २८ सप्टेंबर आणि १ जुलै ह्या तारखांना दल्लीत आणि भिलाईत लाल-हिरवे झेंडे लागत राहिले. कुम्हारीचे स्थानक आले तसे निघून जाते. पण त्याआधी, भिलाईच्या वस्तीतून गाडी जात असता, पॉवरहाऊसचे रूळ लागतात, ते पाहायला प्रवाशाने डाव्या-उजव्या दोन्ही खिडक्यांतून बाहेर डोकवावे.